वामनदादा कर्डक : अक्षरांच्या वेशीबाहेरचा कवि

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे व वाचणारे आपण लोक स्वभावतःच कागदाचे भक्त असतों. जें छापलें गेलें, ग्रंथालयांत दाखल झालें आणि ज्यावर कोणा जाणत्यानें अभिप्राय दिला, तेवढेंच वाङ्मय, अशी एक अबोल समजूत आपल्या मनांत घर करून बसलेली असते. ही समजूत किती अपुरी आहे, ह्याचा प्रत्यय नवी मुंबईंत राहणाऱ्या कोणासहि वर्षांतून एकदां तरी यावा. एप्रिल महिन्याची १३ तारीख संपत आली, कीं तुर्भे, ऐरोली, घणसोली येथील वस्त्यांतून ढोलकीचा ठेका कानीं पडूं लागतो. मध्यरात्र उलटून १४ तारखेस, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीस, आरंभ झाला, कीं मांडवांत पेटीच्या सुरावर गाणीं सुरू होतात. गाणाऱ्यांच्या हातीं वही नसते. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तीं गाणीं पाठ असतात, आणि त्यांतल्या कितीएक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यांत एक नांव हटकून येतें : 'वामन'.

हा वामन कोण, हें मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतें, ही गोष्ट कबूल करण्यास संकोच वाटतो. वर्डस्वर्थ कोणत्या सरोवराकांठीं राहत असे आणि कीट्सला क्षयानें कोठें गांठलें, हें आम्हीं महाविद्यालयांत तोंडपाठ केलें होतें. एके दिवशीं तासानंतर एका विद्यार्थ्यानें सहज विचारलें, "सर, वामनदादांचीं गाणीं आपल्याला कधीं शिकवावीशीं वाटलीं नाहींत का?" "कोण वामनदादा?" असें मीं विचारतांच त्याच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य उमटलें, त्यांत राग नव्हता, एवढा शिकलेला माणूस आणि ह्याला इतकेंहि माहीत नसावें, अशी कींव होती. त्या कींवेनें मला पुढें बरेंच वाचावयास, आणि त्याहून अधिक ऐकावयास लावलें. प्रस्तुत लेख हें त्याचेंच फळ होय.

वामन तबाजी कर्डक ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजीं, नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर तालुक्यांत, देशवंडी नांवाच्या खेड्यांत एका महार कुटुंबांत झाला. पुढें हाच दिवस स्वातंत्र्यदिन ठरावा आणि त्या स्वातंत्र्यांत आपला वांटा किती, हा प्रश्न ह्याच माणसानें जन्मभर गाऊन विचारावा, हा योग विचार करावयास लावणारा आहे. नाशिक जिल्हा त्या काळीं आंबेडकरी चळवळीचें धगधगतें कुंड होता. १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिरासाठीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां वामन सात वर्षांचा होता. १९३५ सालीं त्याच जिल्ह्यांतील येवल्यास बाबासाहेबांनीं 'हिंदु म्हणून मरणार नाहीं' अशा अर्थाची आपली प्रसिद्ध घोषणा केली, तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. शाळेचें भाग्य मात्र त्याला लाभलें नाहीं. पोटासाठीं तो मुंबईस आला, गिरणींत राबला, कोळसा वाहिला, आणि शिवडीच्या बी. डी. डी. चाळींत राहूं लागला. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें ज्या चाळी बांधल्या, त्या एकेका खोलीच्या संसारांनीं गजबजून गेल्या होत्या. आणि मराठी लोकगीतांच्या इतिहासांत ह्या चाळींच्या मधल्या पटांगणांस एखाद्या नाट्यगृहाइतकेंच महत्त्व द्यावें लागेल.

ह्या चाळींत घडलेला एक प्रसंग वामनदादा पुढें सांगत असत. शेजारच्या एका माणसानें गांवाहून आलेलें पत्र त्यांच्यापुढें धरलें आणि वाचून दाखवावयास सांगितलें. अंगापिंडानें धडधाकट, नीटनेटका दिसणारा तरुण. त्याला वाचतां येत असणारच, असा त्या बिचाऱ्याचा समज. वाचतां येत नाहीं हें सांगतांना जी लाज वाटली, ती वामनच्या जिव्हारीं लागली. चाळींतल्याच एका लिहितां-वाचतां येणाऱ्या गृहस्थांकडून त्यानें मुळाक्षरें गिरवून घेतलीं, आणि रस्त्यानें जातां-येतां दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरें शिकला. मराठीचा एक मोठा गीतकार आपला शब्दसंग्रह दुकानांच्या पाट्यांवर वाढवीत होता, हें चित्र मला फार अर्थपूर्ण वाटतें. ज्या अक्षरांच्या वेशीबाहेर त्याच्या पूर्वजांस पिढ्यान्‌पिढ्या उभें केलें होतें, त्या वेशींत तो असा, बाजाराच्या रस्त्यानें, शिरला.

परंतु गाणें त्याला नव्यानें शिकावें लागलें नाहीं. गाण्याची एक वाट आधींच तयार होती. महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला; त्याचे विचार निरक्षर खेड्यांपर्यंत नेण्यासाठीं पुढें सत्यशोधकी जलसे निघाले. तमाशाचा सांगाडा तसाच ठेवावयाचा, गण, गौळण, वग हा क्रमहि ओळखीचा ठेवावयाचा, मात्र शृंगाराच्या जागीं सावकाराचा लबाड हिशेब, भटाचा मुहूर्त आणि मुलांच्या शिक्षणाची निकड आणावयाची, अशी ती युक्ति होती. आंबेडकरी चळवळीनें ही युक्ति उचलली. काळाराम सत्याग्रहाच्या सुमारास नाशिकच्या परिसरांत भीमराव कर्डक ह्यांच्या जलशानें ती गांवोगांव नेली. आपल्या दहा सभांचें काम कर्डकांचा एक जलसा करतो, असें बाबासाहेब म्हणाल्याची आठवण अजून सांगितली जाते. तमाशा ज्या जातींकडून करमणूक म्हणून करवून घेतला जात असे, त्याच जातींनीं तें साधन उलटें फिरवून आपल्या जागृतीस लावलें, ही घटना सामाजिक इतिहासांत लहान नव्हे. वामनदादा ह्या परंपरेचे वारस होत.

१९४३ सालच्या मे महिन्यांत वामनदादांनीं आपलें पहिलें गीत रचलें. तें एका हिंदी गाण्याचें विडंबन होतें. श्रोते हंसले, त्यांनीं दाद दिली, आणि एका मजुराला आपल्या ठिकाणीं काय आहे ह्याचा शोध लागला. येथून पुढें साठ वर्षें हा माणूस गात होता. चार साथीदार, एक पेटी, एक ढोलकी, मागें झील धरणारे दोघे, एस. टी.चा नाहींतर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा प्रवास. आणि रात्रीं जेथें बोलावणें असेल तेथें पहांटेपर्यंत गाणें, असा हा क्रम. नाशिक-मुंबईपासून मराठवाडा व विदर्भापर्यंत त्यांचें येणें-जाणें असे. त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरांत सांगतात. एवढ्या संख्येची मोजदाद करणें अवघड आहे. पण अनेक गाणीं मागणी येतांच, त्या रात्रीसाठीं, जागच्या जागीं रचलीं गेलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती अशक्यहि वाटत नाहीं.

ह्या गाण्यांनीं केलेलें खरें कार्य कोणतें, हें समजण्यासाठीं १९५६ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबर रोजीं त्यांचें निर्वाण झालें. मध्यें अवघे ५३ दिवस गेले. १९६१ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील बौद्धांची संख्या सुमारें २८ लाख भरली. एवढ्या जनसमूहानें जुने देव टाकले होते. पण देवांबरोबर लग्नांतलीं गाणीं, पाळणे, सणांचीं गीतें हींहि गेलीं, कारण त्या प्रत्येकांत कोणता ना कोणता देव बसलेला होता. दीक्षा देणारा तर निघून गेला. आतां बारशाला काय गावयाचें, नवऱ्या मुलीला निरोप देतांना काय म्हणावयाचें, मयताच्या रात्रीं काय आळवावयाचें? हा प्रश्न धर्मशास्त्राच्या पंडितास क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत संध्याकाळीं दिवा लावावयाचा आहे, त्या घराला तो क्षुल्लक नसतो. जात्यावर बसलेल्या बायांनीं आपल्या ओव्यांत भीमरायाला आणून ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें शोधलें, आणि वामनदादांसारख्या गायकांनीं तें सर्व समाजापुरतें दिलें. पाली भाषेंतील वंदना विहारांत होती. परंतु मराठींतली माया, राग, थट्टा आणि शोक हीं ह्या गाण्यांत होतीं.

सुशिक्षित रसिकांचा ह्यावर एक ठराविक आक्षेप असतो : चाली उसन्या आहेत, सिनेमाच्या आहेत. आक्षेप घेणारे बहुधा नाट्यसंगीताचे चाहते असतात, ही त्यांतली गंमत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चीं पदें १८८० सालीं लोकांच्या तोंडीं बसलीं तीं कीर्तनाच्या व लावणीच्या ओळखीच्या वळणांमुळेंच. आणि १९११ च्या 'मानापमाना'साठीं गोविंदराव टेंबे ह्यांनीं उत्तरेकडील ठुमरीच्या चाली आणल्या, तेव्हां आपण त्यांस चोर म्हटलें नाहीं, कलावंत म्हटलें, व तें योग्यच केलें. ओळखीची चाल ही निरक्षर श्रोत्यापुढें ठेवलेली पायरी असते. सूर आधींच ठाऊक असल्यामुळें त्याचें सारें लक्ष शब्दांकडे लागतें, आणि तीनदां ऐकलें कीं गाणें त्याच्या मालकीचें होतें. शिवाय वामनदादांनीं केवळ सिनेमाच्या चालींवर समाधान मानलें असें नाहीं. लोकगीताचीं नानाविध वळणें त्यांनीं हाताळलीं, गझलेची बांधणीहि त्यांना वश होती.

आतां त्या शेवटच्या कडव्यांतील नांवाकडे वळूं. आपल्या संतांनीं अभंगाच्या अखेरीस नांव घालण्याचा प्रघात पाडला. वामनदादांनीं तोच चालविला. परंतु त्यांच्या बाबतींत ह्या नाममुद्रेला आणखी एक अर्थ आला आहे, आणि तो स्पष्ट करण्यासाठीं वाचकांना क्षणभर अमेरिकेस नेणें भाग आहे. अमेरिकेंतील काळ्या लोकांची आणि आपल्याकडील अस्पृश्यांची दुःखें तुलनेनें पाहण्याची कल्पना नवी नव्हे. १९४६ सालीं स्वतः बाबासाहेबांनीं तेथील विख्यात विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉय ह्यांना ह्याच साम्याविषयीं पत्र लिहिलें होतें, आणि १९७२ सालीं मुंबईंतील तरुणांनीं आपल्या संघटनेस 'दलित पँथर' हें नांव दिलें, तें तेथील 'ब्लॅक पँथर' ह्या पक्षावरून. त्या काळ्या समाजाच्या प्रार्थनामंदिरांतील गाण्यांतून, आणि दुःख आळवणाऱ्या 'ब्लूज' गीतांतून, १९५० नंतर एक लौकिक गायकी निघाली. तिला 'सोल', म्हणजे आत्मा, असें नांव पडलें. देवापुढें ज्या आर्ततेनें गावयाचें, त्याच आर्ततेनें माणसाच्या प्रेमाविषयीं, अपमानाविषयीं व आशेविषयीं गाणें, हें तिचें लक्षण. आपल्या जलशाचा आणि तिचा हा सख्खा चुलत-संबंध म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या गायकींत आर्थर अलेक्झांडर नांवाचा एक गायक व गीतकार होऊन गेला. तो १९४० सालीं अलाबामा प्रांतांत शेफील्ड येथें जन्मला. त्याचीं गाणीं इंग्लंडांतील 'बीटल्स' आणि 'रोलिंग स्टोन्स' ह्या जगप्रसिद्ध मंडळ्यांनीं गाइलीं व तीं जगभर पोंचलीं. पण तो स्वतः मागें पडला आणि पुढें कितीएक वर्षें बस हांकून पोट भरीत राहिला. १९९३ सालीं जाणत्या लोकांनीं त्याला हुडकून काढून पुन्हां गावयास लावलें, नवी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि त्याच वर्षीं तो वारला. गाणें पुढें जातें व गाणारा मागें राहतो, ही करुण कथा दोन्हीकडे सारखीच. परंतु एक भेद आहे. अलेक्झांडरचें नांव तबकडीच्या कागदावर बारीक अक्षरांत कां होईना, छापलेलें होतें. तेवढ्या धाग्यावरून त्याला शोधतां आलें. वामनदादांचीं बहुसंख्य गाणीं तबकडीवर चढलीं नाहींत, कागदावर उतरलीं नाहींत. तीं एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत गेलीं. वाटेंत कोणी कडवें गाळलें, कोणी शब्द बदलला, कोणी दुसरी चाल लावली. मालकी सांगणारा कायदा तेथपर्यंत पोंचत नव्हता. अशा स्थितींत शेवटच्या कडव्यांत यमकाच्या खिळ्यानें ठोकून बसविलेलें 'वामन' हें नांव हाच काय तो त्या गाण्याचा सातबारा. तुकोबांची नाममुद्रा देवाच्या पायीं वाहिलेली आहे. वामनदादांच्या नाममुद्रेंत त्याबरोबर, 'ह्या जमिनीच्या तुकड्यावर तरी माझें नांव राहूं द्या' अशी एका भूमिहीनाची मागणीहि मला ऐकूं येते.

येथें एक प्रश्न टाळून चालणार नाहीं. हीं गाणीं मोठ्या प्रमाणावर स्तुतिपर आहेत. भीमाचा महिमा त्यांत पुनःपुन्हां येतो, आणि शेंकडों गाण्यांत तींच विशेषणें येतात. आणि ज्यांची स्तुति करावयाची, त्या बाबासाहेबांनींच २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत बजावलें होतें, कीं धर्मांत भक्ति मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणांत ती अधःपाताची आणि अखेरीस हुकूमशाहीची वाट आहे. मग हें भक्तिगीतांचें पीक त्या इशाऱ्याच्या विरुद्ध नव्हे काय? वामनदादांच्या साध्या गाण्यांपुरतें पाहिलें, तर हा आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु कोणताहि कवि त्याच्या उत्कृष्ट कृतींवरून तोलावयाचा असतो, आणि त्यांचीं उत्कृष्ट गीतें भक्तीच्या तोंडून प्रश्न विचारतात. देशांतील बड्या कारखानदारांचीं नांवें घेऊन, त्यांच्याजवळच्या संपत्तींत आमचा वांटा कोठें आहे, असा रोकडा सवाल टाकणारें त्यांचें गाणें सर्वश्रुत आहे. दुसऱ्या एका विख्यात गीतांत, बाबासाहेबांच्या मताचीं चार-पांच माणसें जरी खरी असतीं तर चित्र किती निराळें दिसलें असतें, असें म्हणून त्यांनीं तलवारीची धार स्वकीयांकडे वळविली आहे. १९५७ सालीं स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचीं पुढें जीं शकलें झालीं, तीं ज्यांनीं पाहिलीं, त्या श्रोत्यांस हें गाणें जयंतीच्या मांडवांत ऐकतांना खालीं मान घालावी लागे. आपल्याच यजमानांस त्यांच्याच सोहळ्यांत असें बोलणारा भाट नसतो, शाहीर असतो.

मग असा शाहीर आपल्या वाङ्मयेतिहासांत एवढा दुर्लक्षित कां राहिला? अण्णा भाऊ साठे व अमर शेख हेहि कामगारवस्तींतलेच. परंतु १९४४ सालीं निघालेल्या त्यांच्या 'लाल बावटा' कलापथकामागें एक संघटित पक्ष होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत त्यांचा आवाज मध्यमवर्गाच्या कानांपर्यंत पोंचला. पुढें दलित साहित्याचा उदय झाला. बाबुराव बागुल, नामदेव ढसाळ, दया पवार ह्यांनीं मराठी वाचकास हादरविलें. पण तेंहि लिखित साहित्य होतें. मुक्तच्छंदाची थोरवी गाणाऱ्या समीक्षकांस यमकांत गाणारा हा वडीलधारा माणूस जुनाट वाटला असावा. म्हणजे एकाला तो फार नवा, दुसऱ्याला फार जुना. 'वाटचाल' हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ सालीं, पहिल्या गीतानंतर तब्बल तीस वर्षांनीं निघाला. 'मोहळ' १९७६ सालीं आणि 'हे गीत वामनाचे' त्यानंतरच्या वर्षीं आला. १९९३ सालीं वर्धा येथें भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें, तेव्हां ते सत्तरी ओलांडून गेले होते. आत्मकथन 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याला एके काळीं शेजाऱ्याचें पत्र वाचतां आलें नव्हतें, त्यानें स्वतःचें आयुष्य अक्षरांत लिहून ठेवलें, एवढें समाधान ह्या उत्तरायुष्यांत आहे.

घरचें सुख त्यांना बेताचेंच लाभलें. पहिली पत्नी सोडून गेली, लहानगी मुलगी दगावली. हें दुःख त्यांनीं फारसें मिरविलें नाहीं; पण विद्यापीठाच्या नामांतरासाठीं असो वा एखाद्या खेड्यांतील बुद्धपौर्णिमेसाठीं असो, बोलावणें आलें कीं हा माणूस पिशवी उचलून कां निघत असे, ह्याचें एक उत्तर त्या रिकाम्या घरांत असावें, असें मला वाटतें. १५ मे २००४ रोजीं वामनदादा निवर्तले. त्यांचीं गाणीं गाऊन घरोघरीं नेणारे प्रल्हाद शिंदे हेहि त्याच वर्षीं गेले.

आतां उरलें आहे तें काम आपलें आहे. मुद्रित संग्रहांत आलेलीं गाणीं थोडीं. बाकीचीं जुन्या वह्यांत, घरीं भरून घेतलेल्या ध्वनिफितींत आणि म्हाताऱ्या गळ्यांत आहेत. वह्यांना वाळवी लागते, फिती चिकटतात, आणि गळे एकेक करून मिटतात. ज्यांना वामनदादांबरोबर झील धरल्याचें आठवतें, असे लोक आतां थोडेच उरले असतील. एकाच गाण्याचे नाशिकचे पाठ, नागपूरचे पाठ, मुंबईचे पाठ ताडून पाहणें, कोणतें कडवें मूळचें व कोणतें मागाहून जोडलेलें हें ठरविणें, चाली लिहून ठेवणें, हें काम ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीइतकेंच शास्त्रीय आहे, आणि त्याहून तांतडीचें आहे. महाविद्यालयांनीं तें करावें. आणि ज्यांच्या घरीं असा एखादा म्हातारा गळा आहे, त्यांनीं महाविद्यालयाची वाट न पाहतां आजच करावें.

गेल्या वर्षीं जयंतीच्या रात्रीं मी आमच्या घरापासून जवळच्या एका मांडवांत जाऊन बसलों होतों. एक आजीबाई डोळे मिटून गात होत्या. गाणें संपल्यावर मीं विचारलें, "आजी, हें कुठें वाचलंत?" त्या हंसून म्हणाल्या, "बाळा, मला वाचतां कुठं येतंय? वामनदादा येऊन गेले होते आमच्या गांवाला." त्या एका वाक्यांत त्यांनीं मला वाङ्मयाचा इतिहास शिकविला. मग त्यांनीं पुढचें गाणें धरलें, आणि शेवटच्या कडव्याशीं येतांच मांडवांतल्या साऱ्या पोरांनीं एकदम तें नांव उच्चारलें.